सत्त्याहत्तर दाबा

नत्थुजी निमकर ज्या ऑफिसात काम करून जात, तिथल्या एखाद्या तरी टेलिफोनवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा राहून जाई. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं असे, ‘७७ दाबा’. कशासाठी, कधी, काही नाही. लोकांना वाटे, मिस्त्रीची काहीतरी खूण असेल. कोणी विचारत नसे आणि तेही सांगत नसत.

मी अकोल्याला एका बियाणे कंपनीत टेलिफोन बोर्डावर आहे. आता टेलिफोन कमी आणि टायपिंग जास्त, पण बोर्ड अजून माझ्याच टेबलाला लागून आहे. नत्थुजी त्याचे मिस्त्री. माझ्या आधीपासूनचे. बारीक अंगाचा माणूस, पँटला सायकलची क्लिप, खिशात टेस्टर. घराणं फुलमाळ्यांचं, भाऊ अजून झेंडू-शेवंती लावतो. हे एकटेच तारांकडे वळले. अवजारांच्या पिशवीत सोल्डरच्या तारेशेजारी झेंडूचं एक फूल असायचंच. ते माझ्या टेबलावर ठेवत.

“मशीनीले वाहा, बाई.”

“आमच्यात असं वाहत नाहीत, काकाजी.” आम्ही महानुभाव. देव एकच, बाकी कशाला हात जोडायचे नाहीत, हे मला आईनं लहानपणीच सांगितलेलं.

“मंग केसात लावा. मशीनीले राग नाही येत.”

एका साली मनोज साहेब नवे मॅनेजर म्हणून आले होते. आमच्या गोदामात कोणतं बियाणं किती पडून आहे हे व्यापाऱ्यांना आमच्याआधी कळतं, असा त्यांना संशय होता. गोदामात मोबाईल न्यायला बंदी त्यांनीच घातली, फाटकावर जमा करून घ्यायचे. मग उरला भिंतीवरचा टेलिफोन. “तिथून बाहेर एकही फोन जाता कामा नये,” म्हणाले.

नत्थुजी आले, माझ्या खुर्चीवर बसले. रिसीव्हर उचलून बटणं दाबत गेले. मधेमधे मशीन बारीक टूं करी, म्हणजे समजलं. एकतीस नंबर, गोदाम. आतल्या आत बोलता येईल. शून्य दाबून बाहेरची लाइन मागितली की फक्त एंगेज टोन. मला शेजारी बसवून सगळं दाखवलं, कोणत्या आकड्याला दार उघडतं, कोणत्याला बंद होतं.

“झालं?” मी विचारलं.

“एक राहिलं.” पुन्हा रिसीव्हर उचलला. बराच वेळ दाबत होते. मग टूं. “हा एक नंबर मोकळा ठेवला. सत्त्याहत्तर दाबलं का लागते.”

“कोणाचा?”

“माह्या घरचा. जठारपेठेतला.”

“साहेबांना चालेल?”

“तुमच्या साहेबाले माह्या बायकोशी बोलाचं असन तर बोलू द्या. बियाण्याचा भाव तिले समजत नाही.”

मी हसले. “आणि काकू नेमक्या माहेरी गेल्या असल्या तर?”

ते हसले नाहीत. “मंग मी असतो घरी,” म्हणाले, आणि गोदामाकडे चिकटपट्टी लावायला गेले.

वर्ष गेलं. मी ते विसरूनही गेले होते.

पोळ्याच्या आधीचा शनिवार होता. पोळा सोमवारी, म्हणजे दोन दिवस सुट्टी. मला एक सवय होती. शनिवारी ऑफिस दीडला सुटायचं, पण माझी बस तीनची. मधल्या वेळात गोदामात अगदी मागे, हरभऱ्याच्या थप्पीआड पोतं टाकून मी माळ घेऊन बसायची. तिथे थंड असे आणि कोणी हाक मारत नसे. मोबाईल आणि पर्स ऑफिसातच, किल्ली माझ्याकडे असे. स्मरणाला बसलं की माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा नेम. लहानपणापासूनचा.

त्या दिवशी माणसं आत आल्याचं मी ऐकलं. समोरच्या थप्प्यांवर ताडपत्री ओढत होती. वाटलं, मोजणी चालली असेल. मग आमचा चौकीदार श्रावण यानं दारातून हाळी दिली, “हाये का कोनी आत?”

माझे बारा मणी राहिले होते.

बारा मणी म्हणजे किती वेळ? एक मिनिटसुद्धा नाही. पण श्रावणनं एकदाच विचारलं. दार ओढल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. मी मणी संपवले, माळ कपाळाला लावली आणि उठले. पुढे आले तर दाराच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ खालून वर विझत चालली होती. बाहेरून कोणीतरी फटीला ओली माती लिंपत होतं. तेव्हा मला लसणासारखा बारीक वास आला.

कीड मारायच्या गोळ्या लावल्या होत्या. ताडपत्रीखाली ठेवून गोदाम तीन दिवस बंद करतात, फटी मातीनं बुजवतात. त्या हवेत उंदीरसुद्धा राहत नाही.

मी दार बडवलं. लोखंडी दार, जाड. माती लिंपणारा निघून गेला असावा, कारण कोणी उत्तर दिलं नाही. अंधारात चाचपत दाराशेजारच्या टेलिफोनपाशी गेले आणि नऊ दाबला. नऊ म्हणजे ऑपरेटर.

वाजला. कानात वाजला, आणि दुसऱ्या कानानं मला भिंतीपलीकडून, अंगणाच्या त्या बाजूनं, बंद ऑफिसात खरी घंटीही ऐकू आली. नऊ नंबरवर मीच बसते. माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर माझाच टेलिफोन वाजत होता आणि तो उचलायला मी तिथे नव्हते. एवढी भीती मला त्या वासाचीही वाटली नाही. वाटलं, आता पलीकडून कोणी उचलला तर?

ठेवला. शून्य दाबलं, एंगेज. पुन्हा शून्य. मग बोटाला चिकटपट्टी लागली.

सत्त्याहत्तर दाबलं. एक घंटीही पुरी झाली नाही.

“बोल, जमुना,” एक बाई म्हणाली.

थकलेला, मायेचा आवाज. रोज बोलणाऱ्या माणसाशी बोलावं तसा.

“मी जमुना नाही. मी गीतांजली. बियाण्याच्या गोदामात अडकले. गोळ्या लावल्या हो आत...”

मग त्या बाईचा आवाज बदलला. “अवं, उठा! खरा आला! बियाण्याच्या गोदामातून!” आणि मला म्हणाली, “थे निघाले. तू फोन ठेवू नको. वास येऊन राहिला?”

“येतो.”

“दारापाशी हायेस?”

“हो.”

“केसाले चाप असन. काढ. माती कोरून काढ अन् फटीले नाक लाव. माह्यासंग बोलत राय. मी फुलं ओवून राहिली, तुह्यासाठी उठत नाही, समजलं का? उठली का फोन सुटते.”

त्या पार्बताबाई, नत्थुजींच्या घरच्या. त्यांनी मला त्या दिवशी काय काय सांगितलं ते सगळं आठवत नाही. शेवंतीचा देठ किती ठेवायचा, दोरा ओला का करायचा. मधेच विचारत, “हायेस ना?” मी चापानं माती कोरत होते, बोट फाटलं होतं. मग बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज, श्रावणचं रडणं आणि कुलूप.

उजेडात नत्थुजी उभे होते, एका पायात चप्पल. त्यांनी मला बाजूला केलं, आत शिरून लोंबणारा रिसीव्हर उचलला आणि म्हणाले, “भेटली. जितीये.” मग भिंतीला टेकून खालीच बसले. मी विचारलं, “किती वाजले?” काय विचारायचं ते सुचलं नाही म्हणून.

“पावणेतीन,” श्रावण म्हणाला.

“तू दोन वीसले लावला,” नत्थुजी मला म्हणाले. त्या दिवसापासून ते मला अगंतुगं करू लागले.

पोळा झाल्यावर मी जठारपेठेत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. पुढच्या खोलीत लाकडी खोक्यावर जुना टेलिफोन, बाजूला फुलांच्या टोपल्या, मधे पार्बताबाई. मी पाया पडायला वाकले, त्यांनी एका हातानं धरलं. दुसऱ्या हातात सुई.

“काकू, जमुना कोण?”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नत्थुजी उठले आणि खोक्यातून घडी घातलेला कागद काढला. बोर्डावरच्या प्रत्येक फोनची नोंद छापणाऱ्या प्रिंटरचा, कडेला भोकं असलेला.

धामणगाव रेल्वेला एका धान्याच्या आडतीवर त्यांनी बोर्ड बसवला होता. तेव्हा ते नवे होते, हात हुशार होता. शेठ म्हणाला, गोदामाचा फोन बाहेर जाऊ नये. यांनी असा बंद केला की मुंगीही जाऊ नये. जमुना तिथे धान्य निवडायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं. शनिवारी दुपारी कणगीमागे डोळा लागला असेल. गोळ्या लावल्या, दार लिंपलं. सोमवारी उघडलं.

“मले मंगळवारी बोलावलं. म्हणे, प्रिंटरमंधी कागद फसला. मी काढला तं हे.”

कागदावर ओळी होत्या. वेळ, गोदामाचा नंबर, दाबलेला आकडा. दोन वीसला पहिली. ऑफिस, ऑफिस, ऑफिस. मग शून्य. शून्य. शून्य. एका ओळीत शून्याच्या पुढे कोणाचा तरी पुरा नंबर. मग पुन्हा शून्य. शेवटची ओळ चार पंचेचाळीसची.

“तुमचा काय दोष, काकाजी? त्यांनी सांगितलं तसं तुम्ही केलं.”

“सगळे असंच म्हणाले. पोलिसानं तं मले चहा पाजला.” त्यांनी कागदाची घडी जशीच्या तशी घातली. “कोनी कायी म्हटलं असतं तं बरं झालं असतं.”

तेव्हापासून बंद करायच्या प्रत्येक टेलिफोनात ते एक नंबर मोकळा ठेवत. आणि त्या नंबरावर कोणीतरी पाहिजे म्हणून दोघांपैकी एक जण घरी राहायचाच. पार्बताबाई माहेरी गेल्या तर नत्थुजी घरी. भावाच्या पोराचं लग्न लागलं तेव्हा नत्थुजी मांडवात, पार्बताबाई फोनपाशी. स्वतःच्या मुलीच्या, वर्षालीच्या लग्नात तर मांडवच दारात घातला आणि कन्यादानाला वायर ओढून टेलिफोन बोहल्याशेजारी ठेवला. लोक हसले. दोघं मिळून कुठे गेल्याचं कोणाला आठवत नाही. एवढ्या वर्षांत सत्त्याहत्तरवरून खरा फोन आला तो एकच, माझा.

“मग तुम्ही ‘बोल, जमुना’ कशा म्हणालात?”

पार्बताबाईंनी सुईत दोरा ओवला. “दर शनिवारी येते. दोन वीसले.”

“कोण?”

“आता कोन म्हनू, बाई?”

नत्थुजी म्हणाले, “आडत बंद झाली, बारा वर्षं झाले. बोर्ड मीच भंगारात देल्ला. त्या जाग्यावर आता मंगल कार्यालय हाये. पन हिच्या फोनच्या डबीत नंबर पाह्य कसा येते थे.” फोनला नंबर दाखवणारी छोटी डबी जोडली होती. त्यात पाच आकडे. धामणगावचा जुना नंबर; पाच आकडी नंबरांचे दिवस तर कधीच गेले होते.

“काय बोलते ती?”

“कायी नाही. ऐकाव लागते,” पार्बताबाई म्हणाल्या. “मी म्हनतो, बोल जमुना. ऐकतो. मंग आपल्यानं कटते. पन त्या शनिवारी नाही आला. दोन वीसले तू आली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तिनं लाइन तुले सोडली.”

मी भ्याले, खोटं कशाला सांगू. आमच्या तीर्थाला, रिद्धपूरला गेले तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या तपस्विनींना हे सांगितलं. वाटलं रागावतील, भुताखेताचं मनात आणू नको म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भ्यायचं कारण नाही, पुजायचंही कारण नाही. हाक आली तर ओ द्यावी. तू त्या दिवशी दिली नव्हतीस.”

तेव्हापासून स्मरणाला बसल्यावरही कोणी हाक मारली तर मी ओ देते. माळ पुन्हा पहिल्यापासून धरते.

असं दशकभर चाललं. मी सणावाराला त्यांच्याकडे जायची. मग पार्बताबाईंचे गुडघे गेले, नत्थुजींच्या डोळ्यात मोतीबिंदू. वर्षाली अमरावतीला दिलेली, ती म्हणाली, दोघंही माझ्याकडे या. घरमालकालाही खोली पाहिजे होती. आणि गल्लीतल्या तांब्याच्या तारा काढून टाकणार, जुने टेलिफोन महिन्याअखेर बंद होणार, असं पत्र आलं.

नत्थुजी ते पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आले. फूल टेबलावर ठेवलं.

“गीता, सत्त्याहत्तर तुह्याकडे घेतं का?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मी त्या सत्त्याहत्तरवर जिवंत होते.

चालू बोर्ड नऊच उरले होते. पाच अकोल्यात, चार अमरावतीत. आम्ही दोघं फिरलो. त्यांना बटणं दिसत नव्हती, म्हणून ते सांगत आणि मी दाबत. जुना नंबर पुसायचा, माझ्या मोबाईलचा भरायचा, टूं ऐकायचं. एका ठिकाणी नवा साहेब म्हणाला, “आजोबा, आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत, कोण दाबणार हे?” नत्थुजी म्हणाले, “कोनी नाही दाबो, बाप्पा. तेच पाह्यजे.”

शेवटचा बोर्ड अमरावतीचा. तो झाल्यावर बसस्टँडवर आम्ही चहा घेत होतो. मला मोकळं वाटत होतं. ते मात्र कपात पाहत होते.

“काकाजी, झाले ना सगळे?”

“मशीनी झाल्या. तिचं कसं करू?”

मला समजलं नाही.

“तिची मशीनच नाही ना, गीता. भंगारात गेली. तिच्यात नंबर भरू कसा मी? शनिवारी थे लावन अन् इकडं तारच नसन. एकदा तसंच झालं तिचं. पुन्हा मीच...” त्यांनी कप ठेवला. “तिले नवा नंबर कोन सांगन?”

उत्तर पार्बताबाईंकडे होतं.

शेवटच्या शनिवारी मी जठारपेठेत गेले. सामान बांधून झालेलं. खोलीत खोकं, टेलिफोन आणि तीन माणसं. बाहेर भर ऊन होतं, गल्लीत भाजीवाली मेथी मेथी ओरडत होती. दोन वीसला टेलिफोन वाजला. डबीत पाच आकडे आले. मी स्वतः पाहिले.

पार्बताबाईंनी उचलला. “बोल, जमुना.” नेहमीसारखं ऐकलं. मग म्हणाल्या, “आता माह्यं ऐक. मी जाऊन राहिली पोरीकडं. हा फोन बंद होईन. तू भिऊ नको. नंबर घे.” आणि माझा दहा आकडी नंबर एकेक आकडा करत सांगितला. थांबून पुन्हा एकदा सांगितला. लहान पोरीला पाढा सांगावा तसा. “गीता नाव हाये तिचं. तुह्यासारखीच अडकली होती थे. चांगली हाये. उचलन.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “उचलशीन ना वं?”

“उचलीन,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, तिकडे ऐकू जाईल असं.

त्यांनी टेलिफोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको एका गाडीत शेजारी शेजारी बसून अमरावतीला गेले. वर्षालीनं मला फोटो पाठवला. पार्बताबाईंचे दोन्ही हात मांडीवर रिकामे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसावं असं दिसत होतं. त्याच आठवड्यात दोघं एका लग्नालाही गेले. जेवून आले.

पुढच्या शनिवारी मी बसची वाट न पाहता ऑफिसातच बसले. सगळे गेले होते. मोबाईल टेबलावर उताणा ठेवला. माळ काढली, पण मणी ओढला नाही. दोन वाजले. सव्वादोन झाले. वाटलं, म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे खेळ. वाटलं, न वाजो. मग नत्थुजींचा चेहरा आठवला, कपात पाहणारा, आणि वाटलं, वाजो.

दोन वीसला वाजला. पाच आकडे.

उचलला. “बोल, जमुना.”

कोणी बोललं नाही. श्वास नाही, रडणं नाही. मी कान देऊन ऐकत राहिले. आधी वाटलं, नुसती शांतता आहे. मग लांबून, जाड भिंतीपलीकडून, एक घंटी ऐकू आली. कुठल्यातरी बंद ऑफिसात टेलिफोन वाजत होता. वाजे, थांबे, पुन्हा वाजे. कोणी उचलत नव्हतं.

ती घंटी मी ओळखत होते. तशाच भिंतीच्या आतल्या बाजूनं मी ती एकदा ऐकली आहे.

“जमुना,” मी म्हणाले, “तो नको वाजवू. तिथं कोणी नाही. मी इथं आहे.”

घंटी थांबली.

फोन चार पंचेचाळीसपर्यंत चालू होता. मी ठेवला नाही. तीनची बस गेली, पुढचीही गेली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून शेवंतीचा देठ किती ठेवायचा आणि दोरा ओला का करायचा ते सांगत बसले.

कटल्यावर अमरावतीला नत्थुजींना लावला. त्यांनी पहिल्या घंटीलाच उचलला.

“नंबर मिळाला तिला, काकाजी,” मी म्हणाले.